कोटीतीर्थाचा चित्रकार : आबालाल रहिमान

बंगळूरहून पुण्याकडे जाणारा महामार्ग कोल्हापूरला अगदी खेटून जातो. त्यामुळे आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांचे पाय वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी अंबाबाईच्या दर्शनासाठी तिकडे वळतात. देवीची ओटी भरावी, रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळ घालवावी, सवड असल्यास पन्हाळा पाहावा आणि परतीच्या वाटेस लागावे, असा साधारण बेत असतो. जुन्या शहराच्या पूर्वेस असलेल्या कोटीतीर्थ नावाच्या तळ्याकडे मात्र प्रवासी सहसा फिरकत नाहीत. तेथे महादेवाचे एक लहानसे देऊळ आहे, शेजारी शाहू मिलचा मोठा आवार आहे आणि भोवती वाढत्या शहराची दाटी आहे. पाहण्यासारखे काही आहे असे तेथील फलकावर लिहिलेले नाही. परंतु या तळ्याच्या काठी एका थोर कलावंताने आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे काढली. त्याचेच पाणी, त्याचीच झाडे, त्याच्याच काठावरील सकाळ-संध्याकाळ त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. त्या कलावंताचे नाव आबालाल रहिमान.

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव. त्यातील पुष्कळशी तळी आज नावापुरतीच उरली आहेत. वरुणतीर्थ बुजले, तेथे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थ बुजले, तेथे मंडई भरते. बंगळूरकरांस यात नवल वाटू नये. ज्या मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरून आपल्यापैकी अनेकांनी या शहरात पहिले पाऊल टाकले, ते बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभे आहे, आणि कंठीरव क्रीडांगणाच्या खाली संपंगी तळे होते. शहरे वाढतात तेव्हा प्रथम पाणी मागे सरते. कोटीतीर्थ मात्र राहिले.

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. १८६० च्या सुमारास कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे मुसलमान, विद्येची आवड असलेले; कुराणाच्या हस्तलिखित प्रती सुंदर अक्षरात तयार करणे व त्यांची पाने नक्षीने सजविणे ही घरातील परंपरा. छापखान्याच्या आजच्या युगात या कामाचे मोल चटकन ध्यानात येत नाही. बोरूचा कोन किंचित बदलला तर अक्षराचे वळण बिघडते. एक अक्षर चुकले तर पवित्र ग्रंथाचे सबंध पान बाद होते. हाताला स्थैर्य, डोळ्याला प्रमाणाची जाण आणि मनाला कमालीची चिकाटी असल्यावाचून हे काम साधत नाही. शिवाय त्यात लेखनिकाचे नाव मोठे व्हावे ही अपेक्षा नसते. या चारही गोष्टी आबालालांच्या पुढील आयुष्यात जशाच्या तशा दिसतात. फारसी व अरबीबरोबर त्यांनी इंग्रजी व संस्कृतचेही शिक्षण घेतले. कोल्हापूरच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीस शिकवीत असताना त्यांची चित्रे त्या बाईंच्या दृष्टीस पडली आणि तिच्या प्रयत्नाने ते मुंबईस गेले, अशी हकीकत सांगतात.

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालेले. आबालाल तेथे शिकत होते तो १८८० नंतरचा काळ जॉन ग्रिफिथ्स यांचा. याच ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या होत्या. शाळेतील शिक्षणाची पद्धत अर्थातच विलायती. प्रथम ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून रेखाटन करावयाचे, छायाप्रकाश घोटावयाचा, मग जिवंत मनुष्य समोर बसवून त्याचे शरीर अभ्यासावयाचे. आबालालांनी ही सर्व तपश्चर्या केली आणि इतकी उत्तम केली की, १८८८ मध्ये त्यांस व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले.

त्या काळी हे पदक म्हणजे पुढील आयुष्याची सनदच. राजा रविवर्म्याची कीर्ती तेव्हा हिंदुस्थानभर पसरत होती. बडोदे, म्हैसूर, त्रावणकोर येथील दरबार तैलचित्रांसाठी खजिने उघडून बसले होते. मुंबईतील पारशी शेटजींना, हायकोर्टाच्या न्यायाधीशांना, संस्थानिकांना आपली पूर्णाकृती चित्रे हवी होती. त्याच १८८८ साली मुंबईत बाँबे आर्ट सोसायटीही स्थापन झाली, म्हणजे प्रदर्शनाची आणि पारितोषिकांची सोय झाली. व्यक्तिचित्रात निष्णात अशा पदकविजेत्या तरुणास मुंबईत राहून द्रव्य व लौकिक मिळविणे मुळीच अवघड नव्हते. आबालाल कोल्हापुरास परतले. घरच्या दुःखद प्रसंगांमुळे ते आले असे म्हणतात. तसे असले तरी प्रसंग ओसरल्यावर परत जाता आले असते. ते गेले नाहीत. त्यांनी विवाहही केला नाही. पुढचे सारे आयुष्य कोल्हापूर, पंचगंगेचा घाट, रंकाळा आणि कोटीतीर्थ यांच्या परिघातच गेले.

आबालालांविषयी लिहिणारे बहुतेकजण येथे हळहळतात. एवढा गुणी माणूस आडगावी राहिला, त्याचे चीज झाले नाही, असा सूर लागतो. प्रस्तुत लेखकास हा सूर पटत नाही. त्याचे कारण सांगण्यापूर्वी निसर्गचित्र या प्रकाराविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे.

आपल्याकडे निसर्गाचे वर्णन काव्यात विपुल आहे. कालिदासाने सहाही ऋतू गाइले, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत गोदाकाठची शेते, रानवाटा आणि पाणवठे जागोजाग आहेत. परंतु चित्रात मात्र निसर्ग सदैव कोणाची तरी पार्श्वभूमी म्हणून आला. पहाडी शैलीच्या चित्रात श्रावणाचे मेघ दाटतात ते राधेच्या विरहासाठी, कदंब फुलतो तो कृष्णासाठी. देव नाही, नायक-नायिका नाही, कथा नाही, केवळ एक तळे आणि त्याच्या काठावरची चार झाडे एवढाच विषय घेऊन चित्र काढावे, ही कल्पना आपल्या चित्रकारास सुचलेली नव्हती. ती आली विलायतेतून, आणि तेथेही ती फार जुनी नव्हती. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने आपल्या गावाजवळच्या नदीच्या उथळ पात्रातून जाणारी एक गवताची गाडी १८२१ मध्ये रंगविली. आपल्या देशात तिचे फारसे कौतुक झाले नाही, पण १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. पुढे फ्रान्समधील बार्बिझों या खेड्यात कोरो, मिले इत्यादी चित्रकार जमले आणि गुराखी, मेंढरे, शेतकरी, तिन्हीसांजेचा प्रकाश यांना चित्रात मानाचे स्थान मिळाले. १८४१ मध्ये कथलाच्या नळीत रंग भरून विकण्याची युक्ती निघाली, त्यामुळे रंगांची पेटी घेऊन रानात बसणे सोपे झाले, हेही एक व्यावहारिक कारण आहेच.

मात्र खरे कारण निराळे असावे. ज्या काळात इंग्लंड-फ्रान्समधील माणसे खेडी सोडून गिरण्यांच्या शहरात गर्दी करू लागली, त्याच काळात शहरातील भिंतींवर खेड्यांची चित्रे लागू लागली. जे हातचे गेले ते भिंतीवर आले. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला हीच ओढ होती, फक्त त्याच्याजवळ चित्र विकत घेण्यास पैसा नव्हता. त्याची भूक दिनदर्शिकेवर भागली. बदलीच्या नोकरीत देशातील निरनिराळ्या गावच्या सरकारी निवासस्थानांत राहिलेल्या कोणासही हे ठाऊक असेल की, भिंत परकी असली तरी तिच्यावर एक नदी, एक होडी आणि दूरचे डोंगर टांगले म्हणजे खोली थोडीशी आपली होते. ती नदी आपल्या गावची नसते, याने काही बिघडत नाही.

अशा चित्रांना उच्चभ्रू समीक्षक हसतात. भाबडी, गोड, स्वस्त अश्रूंची चित्रे म्हणून त्यांची वासलात लावतात. काही अंशी ते खरेही आहे. परंतु प्रत्येक संध्याकाळ ही खोटी संध्याकाळ नव्हे. मराठी भाषेने दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांना जी नावे दिली आहेत ती पाहिली तर ध्यानात येईल की, या भाषेचे बोलणारे लोक घड्याळ न पाहता प्रकाश पाहून जगत होते. झुंजुमुंजू, उन्हे कलणे, दिवेलागण, तिन्हीसांजा, आणि रानातून परतणाऱ्या गाईंच्या खुरांची धूळ हवेत तरंगते ती गोरजवेळा. त्यातही कातरवेळ हा शब्द विलक्षण आहे. ज्या वेळी मन कातर होते, कारणावाचून हुरहुर लागते, ती वेळ. म्हणजे आपल्या भाषेने एका प्रकाशालाच एका भावनेचे नाव देऊन टाकले आहे. निसर्गचित्र मनाला का भिडते, याचे उत्तर पुष्कळसे या एका शब्दात आहे. बालकवींची औदुंबर ही कविता अवघ्या आठ ओळींची. तीत गाव, शेत, वाट आणि डोह यांपलीकडे काही घडत नाही, तरीही गेली शंभराहून अधिक वर्षे ती वाचताना मराठी माणूस क्षणभर गप्प होतो. बालकवी १९१८ मध्ये गेले. कोटीतीर्थाच्या काठी आबालाल रंग कालवीत होते तोच हा काळ. कवी खानदेशातला, चित्रकार करवीरचा. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण दोघांना एकाच गोष्टीचा वेध लागला होता.

१८९४ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी महाराजांचे वय वीस वर्षांचेही नव्हते. माणसे ओळखण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. मल्ल असो, गवई असो, नट असो की चितारी, गुण दिसला की त्यास जवळ करावे आणि त्याच्या पोटापाण्याची विवंचना मिटवावी, हा त्यांचा शिरस्ता. १८९५ मध्ये उस्ताद अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले. खासबागेचे कुस्ती मैदान आणि पॅलेस थिएटर ही दोन्ही महाराजांनी उभारली. आबालाल यांनाही महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना शिकारीचा मोठा षोक. चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करविण्याबद्दल कोल्हापूर संस्थान प्रसिद्धच होते. आबालालांनी महाराजांसाठी शिकारीचे प्रसंग रंगविले, व्यक्तिचित्रे केली. दरबारचे काम म्हणून जे करावयाचे ते त्यांनी चोख केले, कारण जे. जे. मधील शिक्षणामुळे त्यांच्या हातास काहीच अवघड नव्हते. पण त्यांचे मन तेथे नव्हते, आणि महाराजांनी ते ओळखून त्यांच्यावर दरबारचे ओझे फार टाकले नाही, हा त्या आश्रयाचा खरा मोठेपणा. आश्रयदाता पुष्कळदा कलावंताचा वेळ विकत घेतो. येथे राजाने कलावंताचा वेळ कलावंतालाच देऊन टाकला.

कोटीतीर्थाजवळच्या साध्याशा जागेत त्यांचे वास्तव्य होते. राहणी फकिरासारखी. गरजा जवळजवळ नाहीतच. विलायती रंग महाग, आणि कोल्हापुरात मिळण्याची मारामार. तेव्हा आबालाल माती, दगड, झाडपाला यांपासून स्वतःच रंग तयार करीत. येथे घराण्यातील जुनी विद्या त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे, कारण हस्तलिखिते सजविणाऱ्यास शाई व रंग बनविणे अवगत असावेच लागते. या रंगांचा परिणाम त्यांच्या चित्रांत दिसतो असे मला वाटते. त्यांत भडकपणा नाही. कोल्हापूरची तांबूस माती, शेवाळलेला दगड, पिकत आलेले गवत हे त्याच जागेच्या द्रव्याने रंगविल्यासारखे वाटतात, आणि काही अंशी ते तसे होतेही.

बहुतेक चित्रे कागदावरची, जलरंगातील. कधी पारदर्शक रंगाचे हलके हात, कधी रंगात दाटपणा आणून लहान लहान ठिपक्यांनी व स्पर्शांनी केलेली बांधणी. विषय तेच. पाणी, काठ, झाड, पाऊलवाट, दूरवरचे घर, एखादी मानवाकृती असलीच तर अगदी लहान. जागाही त्याच. पाहणाऱ्यास प्रथम वाटते की हा माणूस एकच चित्र काढीत राहिला. दोन-तीन चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे उलगडते की जागा एक असली तरी वेळ दुसरी आहे, ऋतू दुसरा आहे, हवेतील दमटपणा दुसरा आहे. पाऊस पडून गेल्यानंतरचा प्रकाश आणि पाऊस येण्यापूर्वीचा प्रकाश यांत फरक करणारे डोळे फार थोड्यांना असतात. पिढीजात शेतकऱ्याला ते असतात. आबालालांना ते बसून बसून मिळाले.

त्यांचे संध्यामठ हे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. रंकाळ्याच्या पाण्यात उभा असलेला हा जुना दगडी मठ कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा. पावसाळ्यात तो बराचसा पाण्यात बुडतो, उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडतो, म्हणजे गावाला ऋतू सांगणारे ते एक साधनच. एका धर्मनिष्ठ मुसलमान चित्रकाराने संध्यावंदनासाठी बांधलेल्या वास्तूचे चित्र इतक्या तन्मयतेने काढावे, यात त्यांना स्वतःला किंवा त्या काळच्या कोल्हापूरकरांना काही वेगळे वाटल्याचे दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तो आपल्या गावचा मठ होता. दगड आणि पाणी यांच्या भेटीची जागा त्यांनी ज्या संयमाने रंगविली आहे, तीत त्यांची सारी कला आहे. दगड कोठे संपला आणि त्याचे प्रतिबिंब कोठे सुरू झाले हे सांगणारी ठाम रेषा तेथे नाही, आणि तरी दगड जड आहे, पाणी हलके आहे.

अलीकडील लेखकांत आबालालांची तुलना फ्रान्सच्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांशी करण्याची रीत पडली आहे. ठिपक्यांनी रंग लावण्याची पद्धत आणि प्रकाशाचा ध्यास या दोन गोष्टींत साम्य आहे हे खरे. क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी निरनिराळ्या वेळी रंगविल्या आणि पुढे आपल्या बागेत मुद्दाम एक तळे खोदवून १९२६ मध्ये मरेपर्यंत त्यातील कमळे रंगविली. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन म्हातारे एकाच वेळी आपापल्या तळ्याकाठी बसलेले असावेत, हा योगायोग मनास मोठा रमणीय वाटतो. परंतु तुलनेच्या पोटात अनेकदा एक न्यूनगंड दडलेला असतो. हा माणूस पॅरिसला असता तर मोठा झाला असता, असे त्यात सुचविले जाते. मोनेच्या तळ्यावर माळी होता, त्याच्या चित्रांना पॅरिस-न्यूयॉर्कमध्ये गिऱ्हाईक होते. आबालालांना तळे आयते मिळाले, ते गावाचे होते, तेथे म्हशी डुंबत, बाया धुणी धूत. त्यांचे चित्र बागेचे नाही, वसतीचे आहे. पॅरिसला गेले असते तर ते दुसरे कोणी तरी झाले असते.

आणि येथे मला हळहळणाऱ्यांशी असलेला मतभेद सांगितला पाहिजे. निसर्गचित्रातील भावना बहुधा दुरावलेल्या माणसाची भावना असते. गाव सुटलेला माणूस गावाचे चित्र काढतो तेव्हा ते नकळत अधिक सुंदर होते, त्यातील चिखल वाळतो, उन्हाचा चटका जातो. आबालालांच्या चित्रांत ही गोडी घातलेली नाही, कारण त्यांनी गाव सोडलेच नव्हते. आठवण काढण्याचे त्यांना कारण नव्हते. समोर जे आहे ते उद्या सकाळी पुन्हा समोर असणार होते. व्याकुळता आहे ती आपली, पाहणाऱ्याची. तुंगभद्रेच्या अलीकडे वर्षानुवर्षे राहणारा आपल्यासारखा माणूस ते चित्र पाहतो आणि त्याच्या घशाशी आवंढा येतो, पण चित्रकाराने ते काढले ते शांत चित्ताने. कोल्हापुरात राहणे ही त्यांची हार नव्हती. त्यांच्या कलेची ती अटच होती. तळे एवढे ओळखीचे व्हावयाचे तर चाळीस वर्षे लागणारच.

त्या चाळीस वर्षांत भोवतालचे जग थांबले नव्हते. १९०६ मध्ये महाराजांनी कोटीतीर्थाच्या शेजारीच कापडगिरणीची पायाभरणी केली. पुढे तिचा भोंगा शहराचे घड्याळ बनला. ज्या माणसाने प्रकाशावरून वेळ ओळखण्यात आयुष्य घालविले, त्याच्या दारात वेळ सांगणारा भोंगा आला.

१९२२ च्या ६ मे रोजी शाहू महाराज मुंबईत निवर्तले. कोल्हापूरच्या कलाजगताचा आधार एका रात्रीत गेला. अल्लादिया खाँसाहेब काही दिवसांतच मुंबईस गेले आणि तेथे त्यांच्या गायकीला मोठा शिष्यवर्ग व नवा श्रोता मिळाला. आबालाल याही वेळी गेले नाहीत. या आघातानंतर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात परंपरेने सांगतात. त्यांनी हजारोंनी चित्रे काढली आणि आज त्यांतील फारच थोडी उपलब्ध आहेत, एवढे निर्विवाद.

या प्रसंगाला कोल्हापूरच्या लोकस्मृतीने विसर्जनाचे रूप दिले आहे. गणपती ज्या पाण्यात जातो त्या पाण्यात चित्रे गेली, ज्याचे त्यास अर्पण झाले, असे म्हणताना सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. मला मात्र या कथेत समाधान वाटत नाही. कागद पाण्यात टाकला की प्रथम रंग सुटतो, मग तंतू फुगतात, आणि दोन दिवसांत त्याचा लगदा होतो. चाळीस वर्षे पाहिलेले हजारो प्रहर असे विरघळले. आपल्या घरी नुसता जुना छायाचित्रांचा संग्रह वाळवीने खाल्ला तरी आपण आठवडाभर हळहळतो. येथे एका सबंध मुलखाच्या प्रकाशाची रोजनिशी गेली. त्यांच्या कलेची वाढ कशी झाली, ठिपक्यांची पद्धत त्यांस कोणत्या वर्षी गवसली, कोटीतीर्थाच्या काठावर गिरणीपूर्वी कोणती झाडे होती, हे आता कोणत्याही संशोधकास क्रमवार मांडता येणार नाही. हळहळ करावयाची तर ती येथे करावी.

आपल्या शहरातही असाच एक एकांतवासी कलावंत होऊन गेला. के. वेंकटप्पा हे म्हैसूरच्या दरबारी चितारी घराण्यातले. महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी त्यांस कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकण्यास पाठविले. उटकमंड व कोडाईकनालच्या धुक्याची त्यांनी केलेली जलरंगचित्रे अप्रतिम आहेत. तेही अविवाहित, तेही भिडस्त. १९४० मध्ये महाराज निवर्तल्यावर राजवाड्याशी मोबदल्यावरून त्यांचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढे त्यांनी कुंचला जवळजवळ खाली ठेवला व वीणेत मन रमविले. १९६५ मध्ये ते वारले, आणि काही वर्षांनी कस्तुरबा मार्गावर त्यांच्या नावाचे कलादालन उभे राहिले. राजा गेल्यावर चितारी पोरका होतो, हे दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच की वेंकटप्पांची चित्रे जपली गेली.

आबालालांनी कोणास रीतसर शिष्य म्हणून बसविले नसले तरी कोल्हापुरातील पुढच्या पिढीने त्यांच्याकडे पाहूनच डोळे उघडले. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील चुलतबंधू त्यांना फार मानीत. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये सैरंध्री आणि १९२५ मध्ये सावकारी पाश पडद्यावर आणला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा, आणि त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम वणकुद्रे यांची. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या दिवसांत खेड्यातील झोपडी व शिवार यांना पडद्यावर आणण्याचे धाडस ज्या गावात झाले, त्या गावात एक म्हातारा तळ्याकाठी बसून तेच कागदावर उतरवीत होता. पुढे चित्रपटांतील नायक म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे यांनीही आयुष्यभर निसर्गचित्रे काढली. पावडर शेडिंगच्या माध्यमातील त्यांचे काम राजारामपुरीतील त्यांच्या संग्रहालयात आहे. सिनेमाचा नायक सवड मिळताच रानात जाऊन झाड रेखाटीत बसतो, हे कोल्हापूरखेरीज कोठे घडेल असे वाटत नाही.

शेवटची नऊ-दहा वर्षे आबालालांनी पूर्वीच्याच साधेपणाने काढली. मुंबईत त्या काळात जलरंगातील निसर्गचित्रांना चांगले दिवस आले होते. जे. जे. मधून बाहेर पडलेले तरुण घाटातील, नाशिकच्या गंगेवरील, कोकणातील देखावे रंगवून प्रदर्शनांतून पदके मिळवीत होते. या साऱ्यांच्या आधी एका मराठी मुलखातील माणसाने एका तळ्याला विषय मानण्याचे धैर्य दाखविले होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असावे. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरात आबालाल यांचे देहावसान झाले. त्याच सुमारास, ज्या रंकाळ्यातील संध्यामठ त्यांनी रंगविला त्याच्या काठावर शालिनी पॅलेसचे बांधकाम सुरू झाले होते.

त्यांची वाचलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. ही दगडी इमारत मेजर मँट याच्या आराखड्याप्रमाणे १८७० नंतरच्या काही वर्षांत बांधली गेली. अंबाबाईच्या देवळापासून ती फार दूर नाही. मंडळाच्या सभासदांनी पुढील खेपेस दर्शन आटोपल्यावर तासभर वेळ काढून तेथे जावे, आणि नंतर ऊन उतरल्यावर कोटीतीर्थाच्या काठावर थोडे बसावे. चित्र आधी पाहावे, तळे नंतर.